महायुद्धातली जुनी पदकं, बिल्ले घेताना अस्सल-नकली कसं ओळखायचं?

आधी पदकाची कड पाहा. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगाखाली त्या अक्षरांभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा तेवढीच कड बारीक वाटली, तर जुनं नाव खरवडून नवं घातलंय, असं समजा. दुसऱ्या महायुद्धातले स्टार (ताऱ्याच्या आकाराची पदकं) ब्रिटिश सैनिकांना बिननावाचेच दिले गेले. तिथे नाव नाही म्हणून बिचकू नका, पण नकला भरपूर आहेत. सोबत सेवापुस्तिका किंवा पदकाची मूळ डबी मिळाली, तर जरा निर्धास्त व्हा.

कापडी बिल्ल्यावर अंधारात अतिनील टॉर्च मारा. धागा निळसर-पांढरा झळकला तर शंका घ्या, कारण ती चमक आणणारी रसायनं युद्धानंतर रूढ झाली. अर्थात कुणी नंतर डिटर्जंटने धुतलेलं अस्सल कापडही झळकतं, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका.

विक्रेत्याने रंगवून सांगितलेल्या शौर्यकथेला मी तर दमडीही जास्त देत नाही.

आणि घेतल्यावर पॉलिश मारू नका! कडेवरची अक्षरं पुसट होतात, किंमतही पडते. जिवंत असण्याची शंका असलेला दारूगोळा मात्र हाताळूच नका, पोलिसांना कळवा.