चार वाजून दहा मिनिटांची डोंबिवली लोकल

"वाढदिवस साधा केला तर मुलाला कमीपणा येईल का?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे सरळ क्वचितच येतो. नवरा-बायकोच्या कुरबुरींतून, क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांतून तो हळूच डोकं वर काढतो.

मेघनाचंही (नाव आणि तपशील बदलले आहेत) तसंच. मुलगा पाच वर्षांचा होणार होता. वर्गातल्या एकाचा वाढदिवस नुकताच हॉलमध्ये झालेला. फुग्यांची कमान, जादूगार, सगळा थाट. हिनेही कोटेशन आणलं, ४२ हजारांचं. त्यावरून घरात अबोला.

"घरीच केला तर काय होईल?" मी विचारलं.

"ग्रुपवर फोटो टाकायची लाज वाटेल."

"कोणाला?"

ती गप्प झाली. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडायचं नसतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मलाच. तो तर फोटोला धड उभासुद्धा राहत नाही." आणि हसली. त्या हसण्यापर्यंत यायला आम्हाला कितीतरी भेटी लागल्या होत्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मला जवळची वाटते ती याचसाठी. इच्छा कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, ते ती दाखवते. पार्टी छान व्हावी, ही इच्छा झाली. इतरांसारखी झालीच पाहिजे, नाहीतर आई म्हणून मी कमी पडले, हा हट्ट. त्या ४२ हजारांत इच्छेचा वाटा फार थोडा होता.

"आता त्यालाच विचारा, काय हवंय," एवढंच मी सांगितलं. उत्तर आलं, "लोकल. आणि मोटरमन मीच!"

मग वाण्याकडची रिकामी खोकी आली. तळ कापून, सुतळीचे पट्टे लावून प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक डबा. पुठ्ठ्याच्या इंडिकेटरवर ४:१०. आजोबा टीसी, तिकीट नसेल त्याने दंड म्हणून गाणं म्हणायचं. ठाण्याला संगीतखुर्ची, दादरला छोटे वडापाव, सीएसएमटीला घरचा केक. प्रत्येक स्टेशनावर एक काम ही सूचना माझी, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही! सगळा खर्च तीन हजारांच्या आत.

तुम्ही करणार असाल तर थीम मुलाच्या रोजच्या खेळातूनच उचला. बाजारात तिचं सामान मिळतं का, ते बघू नका. पाच वर्षांच्या मुलाला सात-आठ मित्र पुरे. दोन तासांच्या वर ताणू नका, मुलं किरकिरी होतात. एखादं मूल कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघत असेल तर बघू द्या, ओढून आणू नका. रिटर्न गिफ्टला खडूची पेटी चालते. मेघनाकडे तर मुलांनी आपापले डबेच घरी नेले, आणि एकाच्या आईला तो डबा रिक्षात बसवताना नाकी नऊ आले.

अबोला मात्र वाढदिवसाने सुटला नाही. त्यावर आमचं काम अजून चालू आहे.