मिसिसिपी राज्यात गाडीने फिरण्यासारखे सुंदर रस्ते आणि ऐतिहासिक उद्यानं कोणती?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ह्यूस्टनला असता, एप्रिलमध्ये आईबाबा पुण्याहून येतायत, बाबांना इतिहासाचं वेड आहे, आईंना उंच इमारती बघून कंटाळा आलाय आणि हाताशी चार-पाच दिवस आहेत. शिवाय ऑफिसातल्या मंडळींनी "मिसिसिपीत आहे काय?" म्हणून उडवून लावलं. मी जॅक्सनजवळ सात वर्षं काढली. पहिली दोन वर्षं मीही हेच म्हणत होतो, कारण तोवर मी फक्त आंतरराज्य महामार्गावरून जात-येत होतो. त्या रस्त्यावरून हे राज्य म्हणजे पाइनची झाडं, पेट्रोल पंप आणि पुन्हा पाइनची झाडं.

तर पहिलं काम, महामार्ग सोडा आणि नॅचेझ ट्रेस पार्कवे धरा. हा ४४४ मैलांचा रस्ता नॅचेझ गावापासून टेनेसीतल्या नॅशव्हिलजवळपर्यंत जातो आणि त्यातले तीनशेहून जास्त मैल मिसिसिपीत आहेत. गंमत म्हणजे हा अख्खा रस्ताच राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. ट्रकना बंदी, जाहिरातीचे फलक नाहीत, सिग्नल नाहीत, टोल नाही. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ५० मैल. सुरुवातीला पाय शिवशिवतो, पण अर्ध्या तासात गाडीतल्या सगळ्यांचा आवाज खाली येतो. दोन्ही बाजूंना कापलेलं गवत, मागे दाट रान, मार्च-एप्रिलमध्ये मधूनच पांढऱ्या फुलांनी लगडलेली डॉगवूडची झाडं. १९३०च्या दशकात सुरू झालेलं हे बांधकाम २००५ साली पूर्ण झालं, म्हणजे आपल्याकडचे रखडलेले उड्डाणपूल बरे म्हणायचे.

मूळ वाट, म्हणजे 'ट्रेस', मात्र फार जुनी. आधी जनावरांची, मग चॉक्टॉ, चिकासॉ आणि नॅचेझ या मूळनिवासी लोकांची. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर केंटकीकडचे नावाडी आले. ते ओहायो आणि मिसिसिपी नदीतून सपाट तळाच्या होड्यांत धान्य, तंबाखू, खारवलेलं मांस भरून खाली यायचे. माल विकला की होडीही लाकडाच्या भावात विकून टाकायचे, कारण प्रवाहाच्या उलट ती वल्हवत नेणं शक्यच नव्हतं. मग कनवटीला पैसे बांधून साधारण ५०० मैल पायी घरी. पस्तीसेक दिवस लागत, वाटेत लुटारू टपलेले. पुढे वाफेच्या बोटी प्रवाहाविरुद्ध जायला लागल्या आणि ही वाट ओस पडली. माझे बाबा हे ऐकून म्हणाले, "म्हणजे नाणेघाटच की! फक्त जकातीचा रांजण तेवढा नाही."

रस्त्याकडेला मैलांच्या खुणा आहेत, त्यांची मोजणी नॅचेझपासून सुरू होते. सगळीकडे थांबत बसू नका. ४१.५ मैलावरची 'संकन ट्रेस' मात्र चुकवायची नाही. गाडीतळापासून पाच मिनिटांचा फेरा, आईंच्या गुडघ्यांनाही झेपेल. इथली माती हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली, पिठासारखी बारीक. लोएस म्हणतात तिला. पावलं, खुरं आणि चाकं जात राहिली आणि वाट खाली खाली खचत गेली. आता तुम्ही तळाशी उभे असता आणि दोन्ही कडा डोक्याच्या वर. कडांमधून झाडांची मुळं उघडी पडून दोरखंडांसारखी लोंबतात, वरच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या, त्यामुळे भर दुपारीही हिरवट अंधार. मी कडेवर तळहात ठेवला तर माती गार लागली आणि हातावर चिमूटभर भुकटी आली. काही बांधलेलं नाही, कोरलेलं नाही, नुसती लोकं चालल्याची खूण. मला या राज्यातलं सगळ्यात आवडलेलं ठिकाण हेच.

तिथून पुढे उत्तरेला १२२व्या मैलाजवळ सायप्रसची दलदल आहे. काळ्या स्थिर पाण्यात उभी झाडं आणि त्यावरून लाकडी पूल. मगर दिसली तर दिसली. त्याच्याही पुढे ट्युपेलोला गायक एल्विस प्रेस्लीचं जन्मघर आहे. बाबांना त्यात रस नसेल तर चार दिवसांत तेवढ्या लांब जाऊ नका.

मुक्काम नॅचेझला करा. गाव मिसिसिपी नदीच्या उंच काठावर वसलंय. संध्याकाळी काठावरच्या बाकावर बसून पलीकडे लुइझियानात सूर्य बुडताना बघायचा, खाली बार्जेसची लांबलचक माळ सरकत असते. गाव कापसाच्या पैशांवर उभं राहिलं, त्यामुळे खांबांचे पांढरे वाडे जागोजागी. माझं ऐकाल तर एकच वाडा बघा, मेलरोज. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे मालकांच्या झुंबरांइतकंच मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्यांबद्दलही सांगतात. खाजगी वाड्यांमध्ये हे दरवेळी होईलच असं नाही.

त्यानंतर गावाच्या कडेला 'फोर्क्स ऑफ द रोड' नावाच्या नाक्यावर जा. आज तिथे गवताचा तुकडा, माहितीचे फलक आणि सिमेंटमध्ये बसवलेल्या बेड्या आहेत, बाजूने गाड्या जातात. १८६३पर्यंत दक्षिणेतल्या मोठ्या गुलाम-बाजारांपैकी एक इथे भरत असे. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून माणसांना साखळीत बांधून शेकडो मैल चालवत आणायचे. त्यांतले कित्येक ट्रेसवरूनच आले. म्हणून संकन ट्रेसला मी नुसतं 'नावाड्यांची वाट' म्हणत नाही.

बाबांना गुंतागुंतीचा इतिहास आवडत असेल तर स्टेट स्ट्रीटवरचं विल्यम जॉन्सनचं घर दाखवा. हा गुलाम म्हणून जन्मला, १८२०मध्ये लहानपणीच मुक्त झाला, पुढे न्हावीकाम करून दुकानं काढली, पैसा केला. आणि स्वतःही गुलाम बाळगले. १८३५पासून मरेपर्यंत रोजनिशी लिहिली. हवामान, उधारी, शर्यती, गावातल्या मारामाऱ्या, सगळं. १८५१मध्ये शेजाऱ्याशी जमिनीच्या हद्दीवरून वाद होऊन त्याचा खून झाला. बघणारे साक्षीदार होते, पण ते कृष्णवर्णीय. आरोपीने 'मी गोरा आहे' असा पवित्रा घेतला आणि गोऱ्याविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष कायद्याने चालत नव्हती. सुटला. बांधावरून खून म्हटल्यावर माझ्या बाबांना गावाकडची दोन-तीन प्रकरणं लगेच आठवली, पण साक्षीचा मुद्दा आल्यावर ते बराच वेळ गप्प होते.

नॅचेझहून निघाल्यावर १० मैलांच्या खुणेजवळ एमराल्ड माउंड लागतो. नॅचेझ लोकांच्या पूर्वजांनी साधारण १२५० ते १६०० या काळात टोपल्याटोपल्यांनी माती वाहून केलेला आठ एकरांचा उंचवटा. वर चढलं की लक्षात येतं, ही टेकडी नाही, हे बांधकाम आहे. पुढे पोर्ट गिब्सनच्या नैर्ऋत्येला आडरस्त्यावर विंडसरचे अवशेष आहेत. १८९०मध्ये वाडा जळाला, २३ खांब तेवढे उरले. दहा मिनिटं पुरतात, फोटो मात्र सुंदर येतात.

आता विक्सबर्ग. इथे अख्खा दिवस ठेवा, घाई करायची असेल तर बाकी ठिकाणी करा. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण गृहयुद्धात मिसिसिपी नदीची किल्ली म्हणजे हे गाव. १८६३च्या मे महिन्यात उत्तरेचा सेनापती ग्रँट याने हल्ले करून पाहिले, जमलं नाही, मग वेढा घातला. ४७ दिवस. आत गाव राखणारा सेनापती पेम्बर्टन. हा गृहस्थ मूळचा उत्तरेतला, पेनसिल्व्हेनियाचा, बायको व्हर्जिनियाची, आणि लढला दक्षिणेकडून. तोफा चुकवायला गावकऱ्यांनी त्याच मऊ लोएसमध्ये गुहा खणल्या आणि सतरंज्या-खुर्च्या टाकून तिथे संसार मांडले. शेवटी खेचराचं मांस खायची पाळी आली, स्थानिक वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या मागच्या बाजूवर छापलं गेलं. ४ जुलैला शरणागती. आपल्याकडे पन्हाळ्याचा वेढा ज्याने मन लावून वाचलाय त्याला इथे फार समजावून सांगावं लागत नाही. मोर्चे, खंदक, सुरुंग, रसद, सगळे शब्द ओळखीचे.

उद्यानातला १६ मैलांचा रस्ता वेढ्याच्या रेषांवरूनच फिरतो. १३००हून जास्त स्मारकं आणि फलक आहेत, सगळे वाचायला गेलात तर आई पुण्याला परत जातील. इलिनॉय राज्याच्या स्मारकापाशी थांबा. वेढ्याच्या दिवसांइतक्या ४७ पायऱ्या. आत ३६ हजारांवर इलिनॉयच्या सैनिकांची नावं ब्राँझच्या पाट्यांवर कोरलेली, घुमटाला वर भोक, त्यातून ऊन गोल पडतं. बाबांना पायऱ्या मोजू द्या, आधी सांगू नका. माझ्या बाबांच्या ४६ भरल्या, म्हणून ते खाली उतरून पुन्हा चढले.

त्याच रस्त्यावर पुढे 'कैरो' ही चिलखती युद्धनौका. डिसेंबर १८६२मध्ये याझू नदीत सुरुंगाने ती बारा मिनिटांत बुडाली, पण एकही माणूस मेला नाही. शंभरेक वर्षं चिखलात रुतून राहिली, १९६४मध्ये वर काढली. चिखलाने हवा लागू दिली नाही म्हणून खलाशांच्या वस्तू टिकल्या. शेजारच्या संग्रहालयात बूट, कंगवे, बाटल्या, ताटल्या मांडल्यात. कोणीतरी ताटलीवर स्वतःची खूण कोरलेली. स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेणाऱ्या आपल्या आयांना हे बरोबर समजतं.

शेजारच्याच दफनभूमीत उत्तरेच्या बाजूचे सतरा हजारांच्या आसपास सैनिक पुरलेत, त्यातले बहुतांश अनामिक. नुसते आकडे घातलेले ठेंगणे चौकोनी दगड, टेकडीच्या पायऱ्यापायऱ्यांवर.

पाचवा दिवस मिळाला तर किनारा करा, बे सेंट लुइस ते बिलॉक्सी, ९० क्रमांकाचा रस्ता. एका बाजूला पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूला जुने ओकवृक्ष आणि त्यांच्यामध्ये रिकामे चौथरे. २००५च्या कतरिना वादळाने वरची घरं नेली, पायऱ्या राहिल्या. बिलॉक्सीत १८४८चा ओतीव लोखंडाचा दीपस्तंभ चक्क रस्त्याच्या दुभाजकावर उभा आहे. ही वाळू माणसाने आणून टाकलेली. सार्वजनिक पैशातून केलेल्या या किनाऱ्यावर कृष्णवर्णीयांना पाय ठेवायची बंदी होती. १९५९पासून डॉ. गिल्बर्ट मेसन यांनी लोकांना घेऊन पाण्यात उतरायला सुरुवात केली, १९६०मध्ये जमावाने साखळ्या-काठ्यांनी मारलं, तरी ते लढले आणि १९६८मध्ये कोर्टात जिंकले. चवदार तळ्याची गोष्ट शाळेत शिकलेल्या माणसाला हा किनारा नुसता किनारा वाटत नाही.

खाण्याचं. शाकाहारी असाल तर हाल होतील, पण उपाशी राहणार नाही. तळलेली भेंडी, हिरव्या टोमॅटोचे काप, मक्याची पोळीवजा भाकरी. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, वर तूप घातलं की आईंना चालतील. भाज्यांमध्ये डुकराचं मांस टाकलंय का ते दरवेळी विचारा, घेवड्यातसुद्धा असतं. आणि रस्त्याकडेला 'बॉइल्ड पीनट्स' अशी पाटी दिसली की थांबा. त्या आपल्या उकडलेल्या शेंगाच, मीठ जरा जास्त.

शेवटचं आणि महत्त्वाचं, ट्रेसवर पेट्रोल पंप नाहीत. बाहेरच्या गावात उतरावं लागतं आणि मोबाइलला रेंज असेलच असं नाही. मी पहिल्या फेरीत "पुढे मिळेल" म्हणत राहिलो आणि लाल दिवा लागल्यावर ऑगस्टच्या उन्हात एसी बंद करून वीस मैल गाडी रेटली. मागे आई ओढणीने वारा घेत होती आणि बायको काही बोलत नव्हती, ते जास्त त्रासदायक होतं. त्यामुळे पाऊणच टाकी उरली की भरून घ्या. अंधार पडायच्या आत रस्ता सोडा, हरणं अचानक आडवी येतात. डासांचं मलम बॅगेत नको, गाडीच्या कप्प्यात ठेवा.