चिपळूणच्या २३ कॅसेट: दुकानात टाकण्याआधी एवढं वाचा

तुमचा प्रश्न दुपारी वाचला, आणि रात्री जेवण झाल्यावर पुन्हा उघडून वाचला. चिपळूणच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत २३ कॅसेट आणि एक वॉकमन सापडला. बऱ्याच कॅसेट घरीच भरलेल्या, काहींच्या फितीवर पांढरी बुरशी. वॉकमनवर लावल्या तर आवाज संथ आणि घोंगडीखालून आल्यासारखा. एक दुकान कॅसेटमागे ठरावीक पैसे घेऊन सगळं 'क्लीन करून' पेनड्राइव्हवर द्यायला तयार आहे, तर द्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

देऊ नका. निदान आत्ता तरी नको. मी असं का म्हणतोय ते सविस्तर सांगतो, कारण तुम्ही आज जिथे उभे आहात तिथे मी २०१२ साली उभा होतो.

आधीच सांगतो, मी साउंड इंजिनिअर नाही. नोकरी बँकेत केली, कॅसेटचा नाद मात्र शाळेपासूनचा. घरात तीनशेच्या वर कॅसेट आहेत, दोन डेक, म्हणजे घरी ठेवायचे मोठे कॅसेट प्लेअर, चालू स्थितीत आहेत आणि सकाळी फिरायला जाताना अजूनही वॉकमनच बरोबर असतो. तेव्हा पुढचं सगळं हाताने करून शिकलेलं आहे, तुमच्या कॅसेटना तंतोतंत लागू पडेलच असं नाही. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रोलर (फीत ओढणारं चाक) पुसणं, पेन्सिलीने फीत ताणून घेणं वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही.

माझी आजी जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. १९८६ च्या मे महिन्यात काका मस्कतहून सुट्टीवर आले, येताना टू-इन-वन घेऊन आले. तो त्यांनी पडवीत जात्याशेजारी ठेवला आणि चार-पाच पहाटे मिळून सी-६० च्या, म्हणजे साठ मिनिटांच्या, सहा कॅसेट भरल्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा. कॅसेट संपत आली की काकांना उठवायचं, हे माझं काम. आजी १९९१ मध्ये गेली. कॅसेट आमच्या कपाटात राहिल्या.

२०१२ मध्ये मी त्या सहाही कॅसेट एका दुकानात दिल्या. काउंटरवर एक फॉर्म होता. त्यात दोन चौकोन होते, 'खरखर काढणे' आणि 'रिकाम्या जागा काढणे'. दोन्हीचे पैसे वेगळे नव्हते. मी दोन्हींवर टिक केली. जास्तीचं काही फुकट मिळतंय तर नको कशाला म्हणायचं, एवढाच विचार. माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक ती टिक आहे.

खरखर काढणारं सॉफ्टवेअर काय करतं, तर कोणी बोलत नसताना जो एकसारखा आवाज चालू असतो तो नमुना म्हणून घेतं आणि अख्ख्या रेकॉर्डिंगमधून तो वजा करतं. आजीच्या कॅसेटमध्ये असा एकसारखा आवाज कोणता होता? जात्याची घरघर. ती सगळीच्या सगळी गेली. आजीचा आवाज राहिला, पण पाण्याखालून बोलल्यासारखा. ओवीच्या शेवटी ती आवाज खाली सोडायची, ती शेवटची दोन-तीन अक्षरं घरघरीबरोबर पुसली गेली. रिकाम्या जागा काढणाऱ्याने उरलेलं काम केलं. दोन ओव्यांच्या मध्ये ती दळणाची मूठ घालायची, श्वास घ्यायची, कोणाला तरी हळूच काही सांगायची. मशीनच्या लेखी ती सगळी शांतता होती. साडेपाच तासांचं रेकॉर्डिंग सव्वातीन तासांचं होऊन आलं, तेही हलक्या दर्जाच्या एमपी३ मध्ये.

हे ऐकल्यावर मी कॅसेट परत आणायला गेलो. मधल्या काळात माझी बदली झाली होती, त्यामुळे सीडी भावाने आणली होती आणि कॅसेट तिथेच राहिल्या होत्या. पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ६० दिवसांत मूळ माल नेला नाही तर जबाबदारी आमची नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, सीडी दिलीय ना? मग कॅसेट कशाला ठेवू?" त्या भंगारात गेल्या होत्या. मालकांना भेटायला तीनदा गेलो, तीनदा ते बाहेर होते. लेखी तक्रारीला उत्तर आलं नाही. आज हे लिहितानाही हात गरम होतात. कायद्याने काय करता आलं असतं ते मला सांगता येणार नाही, आणि गेलेला आवाज कायद्याने परत आलाच नसता.

म्हणून माझं मत ठाम आहे. मूळ कॅसेट एकदाच, जशी आहे तशी, खरखरीसकट उतरवायची. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, म्हणजे एमपी३ सारखा आवाज न दाबता ठेवणारी. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेवढं पुरतं. तासाला साधारण एक जीबी लागते, म्हणजे तुमच्या २३ कॅसेट सगळ्या सी-९० निघाल्या तरी ३५ जीबीच्या आसपास. आजच्या काळात ही जागा काहीच नाही. त्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. साफसफाई करायची हौस असेल तर तिच्या नकलेवर करा. आणि कॅसेट फेकायची नाही, काम झालं असं वाटलं तरीही.

आता 'घोंगडीखालचा' आवाज. हेड पुसूनही तसाच येत असेल तर बहुतेक अझिमथचा, म्हणजे हेड फितीला किती सरळ टेकतं त्याचा, प्रश्न आहे, आणि दुकानं नेमकं इथेच लक्ष देत नाहीत. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि एका सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकते. इतक्या हळू चालणाऱ्या फितीवर हेड केसभर तिरकं असलं तरी वरचे स्वर गळून पडतात. घरी भरलेल्या कॅसेटमध्ये, ज्या टेपवर ती भरली त्या टेपच्या हेडचा तिरकेपणा कायमचा उमटलेला असतो. तुमच्या वडिलांचा टेप थोडा डावीकडे झुकलेला असेल आणि तुमचा डेक सरळ असेल, तर दोष कोणाचाच नाही, पण आवाज दबणार.

हेडच्या शेजारी दोन स्क्रू असतात. त्यातला स्प्रिंगवाला हलतो तो. कॅसेट चालू ठेवून, दोन्ही चॅनल एकत्र करून हेडफोनवर ऐकत, तो एकेक अष्टमांश फेरा हळूहळू फिरवायचा. 'स' आणि 'च' कडे कान ठेवा. एका जागी ते एकदम टोकदार होतात, पुढे गेलात की परत बोथट. ती जागा सापडली की थांबायचं. शक्यतो पितळी किंवा चुंबक न लागलेला स्क्रूड्रायव्हर घ्या, आणि मूळ जागेची खूण आधी मार्करने करून ठेवा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण नुसत्या या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही.

हे मी शिकलो तेही आजीमुळेच. २०१५ मध्ये कळलं की काकांनी दोन नंबरच्या कॅसेटची एक कॉपी कऱ्हाडच्या आत्याला करून दिली होती. टेपवरून टेपवर केलेली कॉपी, त्यावर तीस वर्षांचा काळ. लावली तर नुसता घुमल्यासारखा आवाज. एक अख्खा रविवार त्या स्क्रूवर घालवला. संध्याकाळी केव्हातरी स्क्रू किंचित उलटा फिरला आणि जात्याचा दगड खोलीत आला. आधी घरघर, मग खुंट्याची करकर, मग बांगड्या. आणि त्याच्याही आधी, कॅसेटच्या अगदी सुरुवातीला, आजी काकांना विचारते, "चालू झालं का रे ते?" दुकानाच्या सीडीत हे वाक्य नव्हतं. रिकामी जागा म्हणून काढलेलं होतं.

असो. बुरशीकडे येतो. कोकणातल्या माळ्यावर चार-दोन पावसाळे काढलेल्या कॅसेटला बुरशी येणारच. ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला लागते, तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आधी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आठवडाभर ठेवा, म्हणजे बुरशी सुकून भुकटी होते. मग घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, कवच उघडायचं. दम्याचा त्रास असेल तर हे काम दुसऱ्या कोणाला द्या. पाच स्क्रूवालं कवच असेल तर सोपं. चिकटवलेलं असेल तर सांध्यातून पातळ पातं घालून सोडवावं लागतं, आणि रीळ दुसऱ्या स्क्रूवाल्या कवचात बसवावी लागते. कोरडा, धागे न सुटणारा मऊ कपडा फितीला हलका टेकवून, हाताने हळूहळू या रिळावरून त्या रिळावर. पाणी नको, स्पिरिट नको, उन्हात तर ठेवूच नका. कुठेतरी टेप ओव्हनमध्ये भाजण्याबद्दल वाचाल. तो इलाज स्टुडिओच्या काही मोठ्या फितींसाठी आहे, घरगुती कॅसेटवर करू नका.

कवच उघडलंच आहे तर हेड बसतं त्या जागेची फेल्टची छोटी गादी बघून घ्या. जुन्या कॅसेटमध्ये तिचा गोंद सुकून ती गळून पडलेली असते, आणि मग आवाज येतो-जातो. फीत तुटली असेल तर सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पाझरतो आणि वरच्या थराला धरतो. फीत जोडायची खास चिकटपट्टी, स्प्लायसिंग टेप, मागवता येते. रिवाइंड करतानाही शेवटी बोट बटणावर ठेवा. पूर्ण वेगात शेवटाला आपटली की जुनी फीत पारदर्शक पट्टीजवळ तुटते.

वॉकमन संथ चालतोय तो बेल्टमुळे, आधी नवे सेल घालून खात्री करा. रबर एकतर सैल पडतं नाहीतर काळ्या डांबरासारखं वितळतं. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतं, पण कपड्यांना लागलं तर कपडे गेले समजा. मापाचे बेल्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत विचारून बघा. जुना बेल्ट, तुकडे झाले असले तरी, बरोबर न्या. पाकिटाला लावायचं रबर बसवू नका. आणि दुरुस्ती झाल्यावर पहिली कॅसेट घरची लावू नका, फेकायला चालेल अशी एखादी लावा.

नवीन काही घ्यायचा विचार असेल तर एक सांगतो. यूएसबीवाले स्वस्त कॅसेट प्लेअर घेऊ नका. आज नवीन मिळणारे बहुतेक प्लेअर एकाच जुन्या स्वस्त मेकॅनिझमच्या नकला आहेत. वेग डुलतो, त्यामुळे तानपुरासुद्धा लडखडतो. सोनीने जपानमध्ये कॅसेटचा वॉकमन बनवणं २०१० मध्ये थांबवलं. त्या काळचा एखादा चांगला डेक जुन्या बाजारात घेऊन दुरुस्त करणं केव्हाही बरं. हे माझं मत, वेगळे अनुभव असणारेही असतील.

मला कोणी विचारतं की एवढा जीव का लावता या डबीवर. आवाज डिजिटलपेक्षा चांगला असतो असं मी कधीच म्हणत नाही, कारण तो नसतो. पण १९६३ मध्ये फिलिप्सने ही कॅसेट आणली आणि पुढे इतर कंपन्यांना ती बनवायला फुकट परवानगी दिली, त्यामुळे ती गावोगाव पोहोचली. लाल बटण दाबलं की कोणाचाही आवाज राहतो, ही सोय पडवीत पहिल्यांदा हिने आणली. माझ्या आजीचा फोटो एकच आहे, लग्नातल्या ग्रुपमधला, चेहरा पुसट. ती कशी होती ते मला त्या एका कॅसेटवरून कळतं.

म्हणून तुमच्या २३ मध्ये आधी वर्गवारी करा. भीमसेनजींचे अभंग, पुलंचं कथाकथन अशा विकतच्या कॅसेट बाजूला ठेवा. ते सगळं दुसरीकडे चांगल्या दर्जात मिळतं. घरी भरलेल्या तेवढ्या घ्या. त्यांच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे दात आजच मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तरी पुसलं जाणार नाही. मला एक कॅसेट अशी पुसलेली माहीत आहे, घरातल्या लहान मुलाने. आणि कोणाचा आवाज आहे ते ओळखणारी माणसं घरात आहेत तोवर त्यांच्याबरोबर बसून ऐका, नावं लिहून घ्या. काकांकडून मी ते केलं नाही. ओव्यांमध्ये आजीला मध्येच साथ देणारी दुसरी बाई कोण, हे आता सांगणारं कोणी नाही.

तुम्ही लिहिलंय की एका कॅसेटवर पेनाने 'आई, १९८८' असं आहे आणि तिलाच सगळ्यात जास्त बुरशी आहे. ती पहिली घ्यावीशी वाटेल. घेऊ नका. सिलिका जेलच्या डब्यात घालून ठेवा, बाकीच्या आठ-दहा उघडून हात बसू दे, तिला शेवटी घ्या. पाच स्क्रूची रिकामी कवचं माझ्याकडे डझनभर पडून आहेत, लागली तर कळवा, पाठवून देतो.