आजोबांच्या फौजी नोकरीचा नीट इतिहास कसा लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आजोबा १९६२च्या शेवटी भरती झाले, ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता नागपुरात असतात. घरात डिस्चार्ज बुक (नोकरीतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक) आहे, डब्यात काही पदकं आहेत. ते कुठे होते, कोणती लढाई लढले, हे लिहून ठेवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

मोबाईल समोर धरून 'आजोबा, युद्धाबद्दल सांगा' म्हणू नका. बहुतेक घरी तेच होतं आणि हाती लागतात चार प्रसंग, ज्यांना ना तारीख ना ठिकाण. आधी कागद, मग पदकं, मग माणूस. फौजेचा सगळा इतिहास पलटण (बटालियन) आणि तारीख या दोन खुंट्यांना टांगलेला असतो. 'गार्ड्‌समध्ये होते' एवढ्याने काही कळत नाही. कोणत्या गार्ड्‌समध्ये, म्हणजे पलटणीचा आकडा कोणता, आणि कधीपासून कधीपर्यंत, हे लागतं.

डिस्चार्ज बुकात पहिल्यांदा नंबर बघा. शेवटचं अक्षर नंबराचाच भाग आहे. नंबर उतरवताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून ते असतं, गाळू नका. आणि नंबर माणूस ज्या रेजिमेंटमध्ये भरती झाला तिचा असतो, शेवटी जिथे होता तिचा असेलच असं नाही. परमवीर चक्र विजेते अल्बर्ट एक्का १४ गार्ड्‌सचे म्हणून ओळखले जातात, पण ते भरती झाले बिहार रेजिमेंटमध्ये, आणि त्यांचा ४२३९७४६ हा नंबर तिथलाच. साठच्या दशकात नव्या पलटणी उभ्या राहिल्या तेव्हा अशी पुष्कळ माणसं इकडची तिकडे गेली. कोणी पुढे नायब सुभेदार झाला असेल तर त्याला 'जेसी'ने सुरू होणारा नवा नंबर मिळतो. तेव्हा जुना आणि नवा, दोन्ही लिहून घ्या. जुन्या नोंदीत 'कोटा' हे ठिकाण दिसलं तर बावरू नका. रेजिमेंटचं प्रशिक्षण सेंटर नागपूरजवळ कामठीला येण्याआधी राजस्थानात तिथेच होतं.

डिस्चार्जचं कारणही नीट वाचा. त्या काळी काही वर्षं प्रत्यक्ष नोकरी आणि पुढची काही वर्षं रिझर्व्ह, असा करार असे. 'रिझर्व्हमध्ये बदली' असा शेरा असेल तर ती तारीख नोकरीची अखेर नव्हे. असा माणूस घरी शेती करत असतानाही लढाईच्या वेळी परत बोलावला जाऊ शकत होता. काहीजण निवृत्तीनंतर डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे डीएससीत, पुन्हा भरती होऊन पुलगावच्या दारूगोळा डेपोसारख्या ठिकाणी पहाऱ्यावर राहिले. त्या दुसऱ्या नोकरीची नोंद वेगळी असते आणि ती केरळात कन्नूरच्या डीएससी रेकॉर्ड्‌सकडे मिळते.

आता पदकं. खरी माहिती इथेच आहे आणि घरोघरी गल्लतही इथेच होते. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं; ताऱ्याच्या आकाराचं असेल तर पाठीमागे. पदक सपाट धरून टॉर्च बाजूने तिरका मारा आणि भिंगातून वाचा. ब्रासो लावून घासू नका. चकचकीत करण्याच्या नादात ती अक्षरंच झिजतात, आणि नाव गेलेलं पदक पुराव्याच्या दृष्टीने निरुपयोगी.

१९६५ची दोन पदकं बघा. रक्षा मेडल त्या वेळी सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं. समर सेवा स्टार प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना. १९७१चंही तसंच. संग्राम मेडल सर्वांना. 'पूर्वी स्टार' पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना, 'पश्चिमी स्टार' पश्चिमेच्या. म्हणजे डब्यात रक्षा, संग्राम आणि पूर्वी स्टार असेल, पण समर सेवा स्टार नसेल, तर आजोबा १९६५ला फौजेत होते पण बहुधा आघाडीवर नव्हते, आणि १९७१ला पूर्वेला होते. 'दोन्ही लढाया लढले' असं लिहिण्याआधी हे तपासा. न मिळालेला स्टार हा काही कमीपणा नाही. ज्या पलटणीला चीनच्या सीमेवर बसवलं ती लाहोरकडे कशी जाणार? तिथल्या नोकरीचा मागमूस सैन्य सेवा मेडलच्या फितीवरच्या आडव्या पट्टीत सापडतो. हिमालय, नेफा (आताचा अरुणाचल), जम्मू-काश्मीर अशी नावं त्यावर असतात. स्वातंत्र्याच्या पंचविशीचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ला सेवेत असलेल्या प्रत्येकाला मिळालं, त्यावरून शौर्याचं अनुमान काढू नका. मात्र एखाद्या फितीवर कमळाच्या पानाचं छोटं चिन्ह असेल तर थांबा. ते 'मेन्शन इन डिस्पॅचेस'चं, म्हणजे लढाईच्या अहवालात कामगिरीचा खास उल्लेख झाल्याचं आहे आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो असं मी पुष्कळदा पाहिलंय.

यानंतर रेकॉर्ड ऑफिस. तुमचं नशीब की गार्ड्‌सचं रेकॉर्ड ऑफिस कामठीलाच आहे. इतरांना लांब लिहावं लागतं : महार रेजिमेंटसाठी सागर, मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, तोफखान्यासाठी नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी. अर्ज आजोबांच्या सहीचाच द्या, सही जमत नसेल तर साक्षांकित अंगठा. नातवाने आपल्या नावाने माहिती अधिकारात मागितलं की 'ही दुसऱ्याची वैयक्तिक माहिती' असं उत्तर येतं आणि महिने वाया जातात. नंबर, हुद्दा, शेवटची पलटण, भरती-निवृत्तीच्या तारखा, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक लिहा. डिस्चार्ज बुक आणि माजी सैनिक ओळखपत्राच्या झेरॉक्स जोडा. 'सगळी फाईल द्या' म्हणू नका. पलटणी, तारखा, बढत्या आणि पदकं यांचा गोषवारा मागा. अर्ज कसा लिहायचा यात अडलात तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

तिथून जे मिळेल त्यात लढाई नसेल. शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या नोकरीच्या नोंदपत्रात, बढती, लग्न, मुलं, कोर्स हे असतं. पलटण अमुक रात्री कुठे होती हे नसतं. ते पलटणीच्या इतिहासात आणि संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केलेल्या १९६५ व १९७१च्या अधिकृत इतिहासांत शोधायचं.

कागद हातात आले की मग आजोबांसमोर बसा, आणि प्रश्न बारीक विचारा. कमान अधिकारी कोण? कंपनी कोणती? हातात ३०३ रायफल होती की नंतर आलेली एसएलआर? ३०३ म्हणाले तर तो प्रसंग बहुधा सुरुवातीच्या वर्षांतला. ठिकाणांची नावं ते उच्चारतील तशीच लिहा, नकाशाशी नंतर जुळवा. त्यांची तारीख पुस्तकाशी जुळली नाही तर लगेच खोडू नका. उदाहरणार्थ, १९७१चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं असं आपण शाळेत शिकलो, पण ८ गार्ड्‌सने पूर्वेच्या आघाडीवर हिलीजवळ मोरापाड्यावर हल्ला चढवला तो २२-२३ नोव्हेंबरच्या रात्री. या पलटणीचा माणूस 'लढाई नोव्हेंबरात लागली' म्हणत असेल तर तो बरोबर आहे. आणि कुणी मेलं का, कुणाला मारलं का, हे तुम्ही विचारू नका. त्यांना सांगायचं असेल तर ते सांगतील.

एक जोडकाम, पण याच आठवड्यात करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधार यांत आजीचं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकच आहे का ते बघा. कुठे 'शांताबाई', कुठे 'शांता' असेल तर कौटुंबिक पेन्शन तिथेच अडकते. आजोबा आहेत तोवर दुरुस्ती त्यांच्या अर्जावर रेकॉर्ड ऑफिसमार्फत होते. नंतर तीच दुरुस्ती आजीला प्रतिज्ञापत्रं घेऊन करावी लागते.