थिअरी येते, न्यूमेरिकल चुकतात

“मॅडम, थिअरी सगळी पाठ आहे हिची. न्यूमेरिकल आलं की मुसळ केरात!”

मी समुपदेशक आहे. बारावी सायन्सच्या मुलांचे पालक समोर बसले की थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं. मूल शेजारी मान खाली घालून असतं. त्याचं स्वतःचं म्हणणं आईबाबा बाहेर गेल्यावर येतं: “मला फिजिक्स जमतच नाही.” एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा विद्युत प्रभारांचा, म्हणजे चार्जचा आहे. तिथेच आपटलं की मुलं अख्ख्या विषयाचा निकाल लावून मोकळी होतात.

ही गोष्ट अशाच एका मुलीची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे. तिला मेडिकलला जायचं होतं. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ जातो. त्या एकाच्या धास्तीने तिने टेस्ट सिरीजमध्ये चार्जचे प्रश्न सोडूनच द्यायला सुरुवात केली होती. घरी कारण ठरलेलं होतं, सिली मिस्टेक.

“कुठे चुकतं?” मी विचारलं.

“सगळीकडेच.”

“सगळीकडे चुकणारं मी अजून कुणी पाहिलेलं नाही. एक गणित दाखव.”

मी स्वतः बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं, आणि त्याचा या कामात मला फार उपयोग होतो. समुपदेशकाने फक्त भावना ऐकाव्यात, वही शिक्षकांकडे सोपवावी, असं मानणारे सहकारी आहेत. मला ते पटत नाही. मूल ज्या पानावर अडतं ते पान पाहिल्याशिवाय त्याची भीती मला कळत नाही.

गणित साधं होतं. एका रेषेत तीन चार्ज. डावीकडे ए, अधिक ४ मायक्रोकूलोम (कूलोम हे चार्जचं एकक, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग). त्याच्या उजवीकडे २० सेंटीमीटरवर बी, उणे २. आणखी १० सेंटीमीटर पुढे सी, अधिक १. सीवर एकूण फोर्स किती? तिने एमुळे येणारा फोर्स ०.४ न्यूटन काढला, उजवीकडे. बरोबर. बीमुळे येणारा काढला उणे १.८. मग बाण डावीकडे दाखवला, डावी दिशा म्हणजे उणे, उणे-उणे अधिक, आणि उत्तर आलं २.२ न्यूटन उजवीकडे. खरं उत्तर १.४ न्यूटन, डावीकडे.

“हे १.८ च्या आधीचं उणे कुठून आलं?”

“बी निगेटिव्ह आहे ना.”

“आणि बाण डावीकडे का?”

“निगेटिव्ह-पॉझिटिव्ह, आकर्षण. सी बीकडे ओढला जाणार.”

“मग बी निगेटिव्ह आहे, हे तू किती वेळा मोजलंस?”

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. “दोनदा,” म्हणाली. मग माझं लक्ष असो-नसो, तिने दप्तरातून जुने पेपर काढले आणि रफ वर्क तपासायला बसली. “मॅडम, इथेही दोनदा. इथेही. हे बघा, इथे सेंटीमीटरचं मीटर केलं नाही.” पेपरमागून पेपर तेच निघालं. चिन्ह दोनदा धरणं आणि एकक न बदलणं. तिसरी चूक आम्हांला शोधूनही फारशी सापडली नाही.

या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा क्षण. “मला फिजिक्स जमत नाही” या वाक्याचं काहीच करता येत नाही. ते खोडून काढायला आपण “जमतं गं तुला” म्हणतो, आणि मुलीला ते खोटं वाटतं, कारण तिच्या हातात मार्कांचा पुरावा असतो. “मी चिन्ह दोनदा धरते” या वाक्याला मात्र उपाय आहे, आणि तो त्याच दिवशी करता येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते ती याचसाठी. आपण केलेली कृती तपासावी, तिच्यावरून स्वतःची किंमत ठरवू नये. समजूत घालून जे होत नाही ते नेमका प्रश्न विचारून होतं, असा माझा अनुभव आहे.

पण चूक कळली तरी घड्याळ लावलं की ती परत यायची. म्हणून पुढच्या एका भेटीत तिला गणित सोडवतानाच मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. चिन्ह ठरवायच्या पायरीवर ती म्हणाली, “हे चुकलं तर रँक गेली. बाबांनी क्लासला एवढे पैसे भरलेत. ताईचा नंबर पहिल्याच वर्षी लागला होता.”

मी तिला तिच्याच धड्यातला नियम विचारला. ए आणि सीमधला फोर्स काढताना बीचं काय करायचं?

“काहीच नाही. तो असला तरी ए-सीचा फोर्स तेवढाच राहतो. प्रत्येक जोडी वेगळी काढायची, बेरीज शेवटी.”

“मग आत्ता तू किती जोड्या एकदम काढत होतीस?”

ती हसली. “बाबांच्या पैशांची जोडी वेगळी काढू?”

“काढूच. ती खरी आहे, तिला वेळ देऊ. आत्ता फक्त ए आणि सी.” पैशांबद्दल ती बाबांशी माझ्यासमोर बोलली. त्यांनी तो हिशेब तिच्याकडून कधी मागितलाच नव्हता.

याच ठिकाणी अडलेल्यांसाठी आम्ही बसवलेली रीत सांगते. आकडे भरण्याआधी आकृती काढा आणि ज्या चार्जवरचा फोर्स हवा त्याच्यावर बाण काढा, दुसरा चार्ज सजातीय (त्याच चिन्हाचा) असेल तर त्याच्यापासून दूर, विजातीय असेल तर त्याच्याकडे. पहिल्याच ओळीत सगळं मीटर आणि कूलोममध्ये लिहा. मग सूत्रात चार्जची फक्त मूल्यं घाला, चिन्ह नको. चिन्हाचं काम बाणाने केलेलं असतं. चिन्हं सूत्रात घालायची पद्धतही बरोबरच आहे, पण मग दिशा त्या चिन्हावरूनच वाचायची. दोन पद्धतींची भेसळ झाली की आमच्यासारखे २.२ येतात. शेवटी उत्तराकडे नजर टाका. काही मायक्रोकूलोमचे चार्ज दहा-वीस सेंटीमीटर अंतरावर असतील तर फोर्स साधारण न्यूटनच्या आगेमागे येतो. दशांशचिन्हानंतर तीन-चार शून्यं दिसली तर सेंटीमीटर तसेच राहिलेत, कारण सूत्रात अंतराच्या वर्गाने भागायचं असल्यामुळे उत्तर १०,००० पट लहान होतं.

मुलांना मी आणखी एक सांगते. चार्जमधल्या फोर्सचा नियम ज्याच्या नावाने आहे त्या कूलोमने १७८५ मध्ये पिळाच्या तराजूवर (तारेला पडणाऱ्या पिळावरून फोर्स मोजणाऱ्या उपकरणावर) प्रतिकर्षण मोजलं, पण आकर्षणात गोळे एकमेकांना जाऊन चिकटायचे, म्हणून त्यासाठी त्याला निराळी पद्धत शोधावी लागली. ज्याच्या नावाचा नियम, त्यालाही दोन दिशा एका हिसक्यात मोजता आल्या नाहीत.

पालकांना विनंती, पेपर हातात आला की मार्कांऐवजी “कोणत्या ओळीत अडलं?” एवढंच विचारा. आणि सिली मिस्टेक म्हणू नका. त्याने चूक शोधायचं काम तिथेच थांबतं. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, “माझा काही उपयोग नाही” असं मूल बोलत असेल, तर मात्र वही बाजूला ठेवा आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

ती मुलगी नंतर एकदा वेळ ठरवून आली. समभुज त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर तीन सारखे चार्ज होते. प्रत्येक जोडीचा फोर्स सारखा, मग एका चार्जवर एकूण फोर्स दुप्पट न येता १.७३ पटच का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी तिला बाण काढायला सांगितले. दोन बाणांमध्ये ६० अंशांचा कोन दिसल्यावर पुढचं तिनेच सोडवलं.