वाचकांचे प्रश्न : जीपमधील रेडिओची खरखर

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये मध्यम लहरींवर आकाशवाणीचे पुणे केंद्र (७९२ किलोहर्ट्झ) लावले की इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी खरखर ऐकू येते. एफएमवर ती जवळजवळ नसते. असे का?

उत्तर : स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटे प्रक्षेपणच असते. मध्यम लहरींवरील आवाज लहरींच्या उंचीतील बदलांतून उमटतो आणि ठिणगी नेमकी तीच उंची बिघडवते; एफएममध्ये उंचीतील चढउतार छाटले जातात. इंजिन चालू ठेवून अँटेनाची वायर रेडिओतून काढून पाहावी. खरखर तशीच राहिली, तर ती वीजपुरवठ्याच्या वायरीतून येते व तेथे ही खरखर गाळणारा फिल्टर लावावा लागतो. थांबली, तर ती अँटेनातून शिरते, आणि जुन्या गाड्यांत बहुधा हेच आढळते. अशा वेळी सुमारे ५ किलोओहमचे रेझिस्टर प्लग (आतच विद्युतरोध असलेले स्पार्क प्लग) बसवावेत, आणि अँटेनाच्या बुडाशी पत्र्यावरचा रंग व गंज पॉलिश पेपरने घासून, धातू चकाकेपर्यंत स्वच्छ करून नट घट्ट आवळावा, कारण तेथील अर्थिंग सुटलेले असले तर महागडा फिल्टरही (जो दुकानदार आधी गळ्यात मारतो) निरुपयोगी ठरतो. खरखरीऐवजी वेगाबरोबर चढणारी शिट्टी असेल, तर संशय बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर घ्यावा. मोबाइलचा स्वस्त चार्जरही एकदा काढून पाहावा.