नाणे टाका, गाणे पाहा

प्रश्न : माझ्या लहानपणी मुंबईतील काही इराणी हॉटेलांत ज्यूकबॉक्स असे, नाणे टाकून बटण दाबले की हवे ते गाणे वाजे. गाणे ऐकवण्याबरोबर दाखवणारी यंत्रेही परदेशांत होती, असे अलीकडे ऐकले. ती कशी चालत? आणि म्युझिक व्हिडिओ १९८१ मध्ये एमटीव्हीपासून सुरू झाला, हे म्हणणे कितपत बरोबर?
– एक वाचक, मिरज

उत्तर : १ ऑगस्ट १९८१ रोजी एमटीव्ही सुरू झाली, तेव्हा एका गाण्यासाठी तीन मिनिटांचा स्वतंत्र चित्रपट काढण्याची पद्धत चाळीस वर्षांची झाली होती. आपण म्हणता त्या यंत्रांतले पहिले गाजलेले यंत्र म्हणजे पॅनोरम. जुगाराची नाणेयंत्रे बनवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने ते १९४० मध्ये बाजारात आणले, आणि या उद्योगात तत्कालीन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे चिरंजीव जेम्स यांची भागीदारी होती.

पॅनोरम दिसायला मोठ्या लाकडी कपाटासारखे असे. आतल्या १६ मिलिमीटरच्या प्रोजेक्टरचा झोत आरशांवरून वळून वरच्या काचेच्या पडद्यावर मागच्या बाजूने पडे. आरशांमुळे चित्राची डावी-उजवी बाजू बदलू नये म्हणून फिल्मची प्रतच उलटी छापत. त्यामुळे अशी प्रत आज साध्या प्रोजेक्टरवर लावली, तर अक्षरे उलटी आणि वादक डावखुरे दिसतात. दहा सेंटचे नाणे टाकले की एक गाणे चाले. एका रिळावर साधारण आठ गाणी असत आणि रिळाची टोके एकमेकांना जोडलेली असल्याने ते परत गुंडाळावे लागत नसे. मात्र या सोयीतच यंत्राची खोड होती. इराण्याच्या पेटीसारखे इथे गाणे निवडता येत नसे. रिळावर पुढे जे असेल तेच पाहायचे, आणि आवडीचे गाणे सातवे असेल तर सात नाणी मोजायची. मालकाला ही चतुराई वाटली असेल, पण खिशातल्या सुट्या पैशांवर करमणूक करणारे गिऱ्हाईक अशाने टिकत नाही, असे मला वाटते.

या लघुपटांना साउंडी म्हणत. गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि मग त्यावर ओठ हलवत कलावंताने कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे, ही त्यांची रीत आपल्याकडच्या प्रेक्षकाला वेगळी सांगायला नको. सहा-सात वर्षांत १,८००हून अधिक साउंडी निघाल्या. खर्च बेताचा आणि नेपथ्य जेमतेम, पण आज त्यांचे मोल वेगळे आहे. हॉलिवूडने ज्यांना नोकर-मोलकरणींच्या भूमिकांपलीकडे क्वचितच जाऊ दिले, त्या कृष्णवर्णीय कलावंतांना येथे गाण्याच्या मध्यभागी उभे राहता आले. १९४३ मध्ये वारलेल्या फॅट्स वॉलरची पियानोवर फिरणारी बोटे आणि उडणाऱ्या भुवया आपण पाहू शकतो, त्या १९४१ मधल्या साउंडींमुळे. ड्यूक एलिंग्टन, लुई जॉर्डन आणि डोरोथी डँड्रिज हेही त्यांत भेटतात. पुढे युद्धकाळातील सामग्रीटंचाईने नवी यंत्रे बनेनाशी झाली, १९४२ मध्ये वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बंदी घातली आणि १९४७ पर्यंत साउंडींची निर्मिती थांबली.

निवडीची अडचण सुटली ती फ्रान्समध्ये. कामेका कंपनीच्या १९६० मधील स्कोपिटोन यंत्रात ३६ रंगीत चित्रपट वेगवेगळ्या रिळांवर असत. बटण दाबले की हवे ते रीळ लागे आणि संपल्यावर आपोआप गुंडाळले जाई. ध्वनी फिल्मच्या कडेवरील चुंबकीय पट्टीवर असल्याने तो साउंडीपेक्षा स्वच्छ येई. पुढे नामवंत झालेले दिग्दर्शक क्लोद लेलूश यांनी उमेदवारीच्या काळात असे कितीतरी चित्रपट केले. अमेरिकेत स्कोपिटोनचे कौतुक काही वर्षांतच ओसरले. फ्रान्समध्ये मात्र उत्तर आफ्रिकेतून आलेले कामगार ज्या कॅफेंत जमत, तेथे अरबी आणि कबाइल भाषांतील गाणी दाखवत ही यंत्रे १९७०च्या दशकातही टिकून होती. गावापासून दूर राहणारा माणूस आपल्या भाषेतले गाणे पाहण्यासाठी नाणे टाकत होता, हा तपशील मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो.

तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की एमटीव्हीने गाण्याचा चित्रपट शोधला नाही, त्याचा हिशेब बदलला. साउंडी आणि स्कोपिटोन हा स्वतःच विकायचा माल होता आणि पाहणारा दर गाण्याला पैसे मोजी. एमटीव्हीला मात्र रेकॉर्ड कंपन्या आपल्या रेकॉर्डची जाहिरात म्हणून व्हिडिओ पुरवत.